गाण्यांची वही पुरून ठेवू नका

(वेरूळ येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात एका वकिलाने केलेले भाषण)



काल सायंकाळी आपण सर्वांनी एकत्र बसून ‘जय भीम कॉम्रेड’ हा अनुबोधपट पाहिला. तो संपला तेव्हा बरीच रात्र झाली होती. लहान मुले सतरंजीवरच झोपी गेली होती. दिवे लागल्यावर कोणी टाळी वाजविली नाही. सर्व मंडळी मुकाट्याने उठली. मी बाहेर पडत असता एक माउली मजजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “वकीलसाहेब, माझी पोरगी आपल्या गायन पार्टीत गाते. गळा गोड आहे तिचा. पण काल पडद्यावरच्या त्या पोरीचं पुढं काय झालं ते तुम्ही सांगितलं, अन् माझ्या पोटात गोळा आला. तिला गाऊ देऊ का नको?” मी म्हणालो, “ताई, उद्या सांगतो.”

आजचे माझे भाषण म्हणजे त्या एका प्रश्नाचे उत्तर आहे. तो प्रश्न एकट्या त्या माउलीचा नाही. आपण धम्म स्वीकारला आहे. घरातील जुन्या मूर्ती उतरविल्या, नवे विधी शिकलो, शेजारपाजारचे टोमणे सोसले. अशा वेळी लेकराच्या तोंडून निघालेल्या गाण्यामुळे पोलीस दारात येतील की काय, अशी भीती ज्याला वाटत नाही असा बाप विरळा. त्या भीतीला मी हसणार नाही. परंतु ती भीती कोठून येते, कोणाच्या उपयोगी पडते आणि कायदा तिच्याविषयी काय म्हणतो, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

हे भाषण छापून आल्यावर जे घरी बसून वाचतील, त्यांच्यासाठी प्रथम हकीकत सांगतो.

११ जुलै १९९७ रोजी सकाळी मुंबईत घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. संतप्त लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला. दहा माणसे मृत्युमुखी पडली, अनेक जखमी झाली. चार दिवसांनी, १५ जुलै रोजी, शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत कपाळाला निळी पट्टी बांधून आत्महत्या केली. हे घोगरे आयुष्याचा मोठा काळ डाव्या चळवळीच्या कलापथकात गात होते. त्यांचे गाणे आनंद पटवर्धन यांनी १९८५ च्या ‘हमारा शहर’ या अनुबोधपटात चित्रित केले होते. शाहिराच्या मृत्यूची वार्ता ऐकून पटवर्धनांनी पुन्हा कॅमेरा हाती घेतला. तो चौदा वर्षे खाली ठेवला नाही, आणि २०११ मध्ये ‘जय भीम कॉम्रेड’ पुरा झाला.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. घोगरे यांच्या दुःखापुढे आपली मान लवते. परंतु त्यांनी पत्करलेली वाट आपल्यापैकी कोणाचीही वाट होऊ नये. मन फार खचले असेल तर ते आपल्या माणसांपाशी बोलावे. समाजाला आपले शाहीर जिवंत हवे आहेत.

आता त्या गोळीबाराचे न्यायालयात काय झाले ते पाहा. पोलिसांनी कारण दिले की जमाव गॅसच्या टँकरला आग लावील असे भय होते. चौकशीसाठी न्यायमूर्ती गुंडेवार यांचा आयोग नेमण्यात आला. गोळीबार समर्थनीय नव्हता असा निष्कर्ष आयोगाने १९९८ मध्ये दिला. त्यानंतर मे २००९ मध्ये सत्र न्यायालयाने तुकडीच्या अधिकाऱ्यास जन्मठेपेची शिक्षा सुनावली. पुढे उच्च न्यायालयाने शिक्षेला स्थगिती देऊन त्यास जामीन दिला. मोजा : दिवसाढवळ्या, शेकडो लोकांच्या डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टीचा पहिला निकाल लागावयास जवळजवळ बारा वर्षे लागली. या बारा वर्षांत वस्तीतील माणसांनी पुन्हा पुन्हा तीच साक्ष दिली, पुन्हा पुन्हा त्याच जागी बोट ठेवून दाखविले. आपली माणसे विसरली नाहीत, म्हणून ते प्रकरण मेले नाही.

त्याच अनुबोधपटाच्या उत्तरार्धात पुण्याच्या कबीर कला मंचाचे तरुण गायक आपल्याला दिसतात. गुजरातच्या दंगलीनंतर, २००२ मध्ये, हा मंच उभा राहिला. गरीब वस्त्यांतील ही मुले-मुली डफ घेऊन जातीविरुद्ध, अत्याचाराविरुद्ध गाऊ लागली. शीतल साठे या त्यांतील एक. २०११ मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने मंचाच्या काही कलावंतांना बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली अटक केली, आणि उरलेले भूमिगत झाले. शासनाचे म्हणणे असे की या मुलांचा बंदी घातलेल्या माओवादी पक्षाशी संबंध आहे. मुलांचे म्हणणे असे की आम्ही केवळ गाणारी माणसे आहोत.

आणि नेमक्या याच वेळी काय घडले? केंद्र शासनाच्या एकोणसाठाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ‘जय भीम कॉम्रेड’ला परीक्षक मंडळाचा विशेष पुरस्कार जाहीर झाला. म्हणजे शासनाच्या एका हाताने चित्रपटाचा सन्मान केला, आणि दुसरा हात त्याच चित्रपटात गाणाऱ्यांना शोधत फिरत होता! पडद्यावरचे गाणे शासनाला चालले; गाणारे चालले नाहीत. दडपशाही ओळखण्याची ही खूण ध्यानात ठेवा. ती नेहमी पुस्तक जाळून, चित्रपटगृहाला टाळे ठोकूनच येते असे नाही. पुष्कळदा ती कलाकृतीला हार घालते आणि माणसाला कोठडीत नेते.

३१ जानेवारी २०१३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अभय ठिपसे यांनी अटकेतील काही जणांना जामीन दिला. समाजातील विषमतेवर बोट ठेवणे, ती बदलली पाहिजे असे म्हणणे, एवढ्यावरून कोणी बंदी घातलेल्या संघटनेचा सभासद ठरत नाही, असा त्या आदेशाचा आशय होता. त्या आदेशाने धीर येऊन २ एप्रिल २०१३ रोजी शीतल साठे व सचिन माळी हे पतिपत्नी विधानभवनासमोर स्वतःहून हजर झाले. साठे त्या वेळी गरोदर होत्या. त्यांना जून महिन्यात उच्च न्यायालयाने जामीन दिला. माळी, सागर गोरखे व रमेश गायचोर यांना मात्र जामिनासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि तो मिळाला ३ जानेवारी २०१७ रोजी. माळींचा तुरुंगवास पावणेचार वर्षांचा झाला. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये गोरखे, गायचोर आणि ज्योती जगताप यांना एल्गार परिषदेच्या प्रकरणात राष्ट्रीय तपास यंत्रणेने अटक केली.

पावणेचार वर्षे! आणि ती शिक्षा म्हणून नव्हेत, तर खटला पुरा होण्याआधीची. मी वकिली करतो म्हणून सांगतो, या कायद्याची खरी धार त्याच्या जामिनाच्या कलमात आहे. २००८ च्या दुरुस्तीने असे ठरविले की दहशतवादी कृत्यांविषयीच्या आरोपात, पोलिसांचे कागद पाहून आरोप प्रथमदर्शनी खरा वाटत असेल, तर न्यायालयाने जामीन देऊ नये. निर्दोष सुटणारा मनुष्यही निकालापूर्वीच तारुण्य तुरुंगात घालवून बसतो. खटल्याला फारच विलंब होत असेल तर घटनात्मक न्यायालये जामीन देऊ शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले. परंतु तेथपर्यंत पोहोचणेच गरिबाला कठीण.

हे केवळ आपल्याच देशात घडते असे समजू नका. १९७२ मध्ये मुंबईत आपल्या तरुण लेखक-कवींनी दलित पँथर स्थापन केली. हे नाव त्यांनी अमेरिकेतील काळ्या लोकांच्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले. त्या पक्षाचा शिकागोतील तरुण पुढारी फ्रेड हॅम्प्टन याच्यावर एक अनुबोधपट तयार होत होता. चित्रण चालू असतानाच, ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे, पोलिसांनी त्याच्या घरावर छापा घालून त्याला ठार केले. वय अवघे एकवीस वर्षे. पोलीस म्हणाले, आतून गोळीबार झाला म्हणून आम्ही केला. चित्रपटवाल्यांनी त्याच घरात जाऊन भिंतींवरील गोळ्यांच्या खुणा चित्रित केल्या. पुढे ज्युरीच्या चौकशीत आढळले की पोलिसांच्या बाजूने ऐंशीहून अधिक गोळ्या सुटल्या होत्या आणि आतल्या बाजूने एक. १९७१ मध्ये तेथील केंद्रीय तपास खात्याची गुप्त कागदपत्रे बाहेर आली. चळवळींत फूट पाडण्यासाठी, पुढाऱ्यांना बदनाम करण्यासाठी त्या खात्याने गुप्त योजनाच आखलेली होती, हे जगाला कळले. १९८२ मध्ये शासकीय संस्थांनी मृताच्या कुटुंबास व वाचलेल्यांस साडेअठरा लाख डॉलर देऊन दावा मिटविला.

घाटकोपर आणि शिकागो यांत हजारो मैलांचे अंतर. पण धडा एकच. सत्तेजवळ आपली हकीकत लिहून ठेवणारी माणसे, दप्तरे व शिक्के असतात. गरिबाजवळ केवळ त्याची आठवण असते. ती आठवण कोणी गाण्यात, कागदावर अथवा चित्रफितीत साठविली तरच ती न्यायालयापुढे उभी राहू शकते.

येथे मला माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली पाहिजे. ती मी आजवर कोणत्याही व्यासपीठावर सांगितलेली नाही.

माझे वडील मराठवाड्यातील एका खेड्यात भीमगीते गात. स्वतः रचीत आणि वळणदार अक्षरात एका वहीत उतरवून ठेवीत. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि खेडोपाडी आपल्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरे जळाली, माणसे मारली गेली. त्या दिवसांत एक अंमलदार आमच्या वस्तीत येऊन, येथे गाणी कोण म्हणतो, अशी चौकशी करून गेला. त्याने कोणाला धरले नाही, कोणाला मारले नाही. नुसते विचारले. त्या रात्री वडिलांनी वही पत्र्याच्या डब्यात घातली आणि गोठ्यात खड्डा करून पुरली. त्यानंतर ते गायले नाहीत.

१४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. माझे वय तेव्हा बारा-तेरा वर्षांचे असेल. वस्तीत साखर वाटली गेली. वडिलांनी कुदळ घेतली, मला बरोबर घेतले आणि गोठ्यातली ती जागा उकरली. डबा गंजून चाळणी झाला होता. आत वही नव्हतीच. काळपट लगदा होता. वडील तो लगदा हातात घेऊन कितीतरी वेळ बसले. एकही गाणे त्यांना पुरते आठवेना.

त्या वहीवर कोणी बंदी घातली नव्हती. कोणत्याही न्यायालयाने ती जप्त केली नव्हती. आमच्याच भीतीने ती जप्त केली, आणि पंधरा वर्षांच्या ओलीने तिची शिक्षा पुरी केली. मी वडिलांना दोष देत नाही. त्यांच्या डोक्यावर सहा माणसांचा संसार होता. पण विधी महाविद्यालयात शिकताना, भीतीपोटी माणसे बोलणेच सोडून देतात आणि हीच दडपशाहीची सर्वांत स्वस्त रीत होय, हा विचार जेव्हा वाचनात आला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो पत्र्याचा डबा उभा राहिला. सत्ता दहा जणांना तुरुंगात टाकते ते दहा हजारांनी आपापल्या वह्या पुरून टाकाव्यात म्हणून.

तर मग कायदा आज कोठे उभा आहे? जसे आहे तसे सांगतो, गोड करून सांगत नाही.

संविधानाचे एकोणिसावे कलम आपणास भाषणाचे व विचारप्रकटनाचे स्वातंत्र्य देते. त्यावर राज्याला वाजवी निर्बंध घालता येतात. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका तमिळ चित्रपटाचे प्रकरण आले. तो चित्रपट जातवार आरक्षणावर टीका करणारा होता. तो दाखविल्यास दंगे होतील, असे म्हणण्यात आले. न्यायालयाने सांगितले की निदर्शनांच्या व हिंसेच्या धाकाने अभिव्यक्ती दडपता येणार नाही. शांतता राखणे हे शासनाचेच काम आहे. तो निकाल आपल्या हक्कांवर टीका करणाऱ्यास मिळाला, म्हणून आपणास कडू लागेल. तरीही तो योग्य होता असे मी म्हणतो. कारण त्याच निकालाची ढाल उद्या आपल्या शाहिरापुढे धरावयाची आहे. आपणास न आवडणाऱ्याचे तोंड बंद करा म्हणणारा मनुष्य स्वतःसाठीच तुरुंग बांधीत असतो.

दुसऱ्या बाजूचेही ऐका. नुसत्या सभासदत्वाने गुन्हा होत नाही, हिंसेत भाग वा चिथावणी असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटले होते. २४ मार्च २०२३ रोजी त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ते मत चुकीचे ठरविले. आता बंदी घातलेल्या संघटनेचे सभासद असणे हाच गुन्हा होय. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. त्यात संघटना बेकायदेशीर घोषित करण्याचा अधिकार राज्य शासनाकडे देण्याची तरतूद आहे. म्हणून कोणत्या संस्थेच्या कागदावर सही करतो, कोणाची वर्गणी घेतो, याचा विचार प्रत्येक तरुणाने केला पाहिजे. शस्त्राची भाषा बोलणाऱ्यापासून दूर राहा, हे मी केवळ वकील म्हणून सांगत नाही. बाबासाहेबांनी आपणास जी वाट दाखविली ती संविधानाची व धम्माची आहे, तीत रक्तपाताला जागा नाही.

परंतु त्याच वाटेवर प्रश्न विचारणेही आहे. तथागतांनी कालामांना सांगितले की केवळ परंपरेने आले, ग्रंथात लिहिले अथवा गुरूने सांगितले म्हणून काही मानू नका. ज्याच्या धम्माचा आरंभच विचारपूर्वक स्वीकारण्यात आहे, त्याने गप्प बसावे असे कसे म्हणता येईल? सम्यक् वाचा म्हणजे मौन नव्हे. खोटे, कठोर, फूट पाडणारे बोलू नये, हे जितके खरे, तितकेच खरे बोलण्याची वेळ आली असता ते बोलावे, हेही खरे.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. घरी जाऊन मुलांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

अटक झाल्यास अटकेची कारणे कळण्याचा आणि आपल्या पसंतीचा वकील घेण्याचा हक्क संविधानाच्या बाविसाव्या कलमाने दिला आहे. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केलेच पाहिजे. बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखालील अटकेतही कारणे लेखी दिली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये ठरविले. तो कागद मागा.

वकिलाला देण्यास पैसे नाहीत म्हणून हात जोडून बसू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जातीच्या व्यक्तीस, स्त्रीस आणि कोठडीतील मनुष्यास मोफत वकील मिळतो. त्यासाठी मिळकतीची अट नाही. धम्म स्वीकारल्याने अनुसूचित जातीचे हक्क जातात, असे कोणी सांगितले तर त्याला सांगा की १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचे ते हक्क संसदेनेच मान्य केले आहेत.

आणि शेवटची गोष्ट : जतन करा. प्रत्येक गाणे दोन वह्यांत लिहा, दोन घरांत ठेवा. वस्तीत जे घडेल त्याची तारीख, वेळ, हजर असलेल्यांची नावे त्याच दिवशी नोंदवा. म्हाताऱ्या माणसांचा आवाज मोबाइलवर उतरवून घ्या. आपण सकाळी येथली लेणी पाहिली. चौतीस लेण्यांपैकी पहिली बारा आपल्या धम्माची. ती कोरणाऱ्या कारागिरांची नावे आपण जाणत नाही. पण त्यांनी ओल्या मातीत काही पुरून ठेवले नाही, उघड्या डोंगरात कोरले. म्हणून तेराशे-चौदाशे वर्षांनंतरही आपली लेकरे विश्वकर्मा लेण्यात बुद्धापुढे हात जोडून उभी राहू शकली.

ताई, आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर. तुमच्या मुलीला काही होणार नाही, असे वचन मी देऊ शकत नाही. तसे वचन देणारा वकील खोटे बोलतो असे समजा. मी एवढेच सांगतो की तिला गाऊ द्या, पण एकटी गाऊ देऊ नका. ती गाईल तेव्हा तिच्यामागे तुम्ही बसा, तिचे वडील बसोत, वस्ती बसो. तिने काय गायले ते शंभर माणसांनी ऐकलेले असावे, म्हणजे उद्या तिच्या तोंडी भलतेच शब्द घालण्याची कोणाची छाती होणार नाही. आणि तिची वही तुमच्या घरात उंच, कोरड्या फळीवर, बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी असू द्या.

माझे वडील आज हयात नाहीत. त्यांचे एकही गाणे मला येत नाही. तुमच्या नातवंडांवर अशी वेळ येऊ नये, एवढ्यासाठी मी इतका वेळ बोललो.

जय भीम. जय भारत.